‘फाशी गेले’ की ‘फाशी दिली’?

नाशिककर: पुतणी सातवीत आहे. अनंत कान्हेऱ्यांवरच्या निबंधात तिनं लिहिलं, ‘१९ एप्रिल १९१० ला ते ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.’ बाईंनी ‘फाशी गेले’ लाल शाईनं खोडून वर लिहिलं, ‘त्यांना फाशी देण्यात आली.’ पोर हिरमुसली, कारण ते शब्द तिच्या आजीचे. आमच्या घरात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे तिघेही ‘फाशी गेले’ असंच म्हणतात. चुकीचं आहे का?

ठाणेकर: मुळीच नाही. शरण जाणं, सामोरं जाणं, तसंच फाशी जाणं. ‘देण्यात आली’ हे कचेरीतलं मराठी. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या २१ डिसेंबर १९०९ ला, विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत सगळं संपलं. विशीही न गाठलेला मुलगा. ‘गेले’ म्हटलं की कोठडीपासून तख्तापर्यंतची पावलं त्याची होतात. आजीचे शब्द ठेवा.

शब्दशोधक: नाही पटत. मग ‘बळी गेला’चं काय? ‘सती गेली’चं? किती जणींना ढकललं असेल, आणि भाषा म्हणते ती गेली! ‘जाणे’ हे क्रियापद मारणाऱ्याला झाकतंही. कान्हेऱ्यांना सरकारनं मारलं, ते वाक्यात उघड दिसू दे. बाईंचं काही चुकलं नाही.

जाता जाता, फास हा ‘पाश’वरून. पनसाचा फणस, परशूची फरशी, तसा पाशाचा फास.

सांगलीकर: विषय फाशीचा आहे, पण राहवत नाही म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. चौकातल्या फलकावर लिहिलं होतं, ‘मृत्यूशी झुंज अपयशी’. मला ते वाचवेना. शेवटच्या आठवड्यात त्यानं उशीखालून वाचनालयाची दोन पुस्तकं काढून दिली. ‘मंगळवारच्या आत दे, आईच्या नावावर दंड नको.’ नर्सला सांगून ठेवलं होतं, आई यायच्या आधी खिडकी उघडा, औषधाच्या वासानं तिला मळमळतं. यात अपयश कुठे आलं? लोक त्याला ‘सोशिक’ म्हणाले. तोही शब्द मला लागला नाही. सोशिक माणूस सोसतो. हा आमची काळजी घेत होता. याला मराठीत काय म्हणायचं?

शब्दशोधक: ताई, ‘धीर’. आता आपण धीर म्हणजे सबुरी समजतो, धीर धर म्हणतो. संस्कृतात ते माणसाचं विशेषण आहे. कुमारसंभवात कालिदास सांगतो, चित्त ढळायला कारण समोर असतानाही ज्यांचं ढळत नाही, तेच धीर. तुमचा भाऊ तसा होता.

सांगलीकर: अर्थ सुंदर आहे. पण त्या दिवशी आई म्हणाली, ‘आब राखून गेला गं.’ मला तेवढं पुरतं.

ठाणेकर: आब! फारसीत आब म्हणजे पाणी, आणि मोत्याचं तेजही. आबरूतला आब तोच. याहून नेमका शब्द मिळणार नाही. आणि बघा, तुमच्या आईही ‘गेला’च म्हणाल्या.

पुणेकर: ‘तेज’ असताना फारसीकडे कशाला जायचं? अशानं उद्या कान्हेऱ्यांनाही शहीद म्हणाल. सावरकरांनी ‘हुतात्मा’ रूढ केला तो याच कारणासाठी.

ठाणेकर: शहीद या अरबी शब्दाच्या मुळाशी साक्ष आहे. त्यात वाईट काय? भगतसिंगांना आपण सगळे शहीदच म्हणतो. आणि आईनं मुलासाठी काढलेला शब्द परका कसा होईल?

पुणेकर: आईंबद्दल मी काहीच म्हणत नाही, गैरसमज नको. लेखी मराठीबद्दल बोलतोय.

शब्दशोधक: ‘आब’ लेखी मराठीतही पिढ्यान्‌पिढ्या आहे हो.

नाशिककर: हुतात्म्यावरून आठवलं. इथे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. उद्या वही परत द्यायची आहे. पुतणीनं खोडलेलं वाक्य समासात पेन्सिलीनं पुन्हा लिहून ठेवलंय, ‘फाशी गेले’. राहू देऊ का?