ब्लँकेटवाटपाचे फोटो पेजवर टाकावेत का?

शरणपूर_तरुणसंघ
सर्वांना सलाम. नाताळाआधी सिव्हिलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना ब्लँकेटं वाटायची आहेत. फोटो टाकण्यावरून संघात दोन तट पडलेत. एक गट बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 6वा अध्याय पुढे करतो (दान लोकांना दाखवायला करू नका, उजवा हात काय देतो ते डाव्यालाही कळू नये), दुसरा म्हणतो, फोटो नसले तर देणगीदारांना खात्री कशी पटणार? चर्चमधल्या भक्तीत देणगीदारांची नावं रकमेसह वाचायची प्रथाही आहे. नक्की काय बंद करावं?

खजिनदार
दोन वचनांची गल्लत होतेय. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे देणाऱ्याला सांगितलंय. गोळा करणाऱ्याला 2 करिंथ (करिंथच्या मंडळीला पौलाचं दुसरं पत्र) 8:20-21 लागू. यरुशलेमसाठीची वर्गणी पोचवताना प्रेषित पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ धाडतो, कुणी बोट ठेवू नये म्हणून. तेव्हा हिशेब उघडा ठेवा, देणारा झाका.

पावती प्रत्येकाला द्या. पावतीबुकात नाव हवंच, ऑडिटला लागतं. फलकावर मात्र फक्त पावती क्रमांक आणि रक्कम, खाली एकूण जमा, दुकानाचं बिल, शिल्लक. ज्याला आपली रक्कम तपासायची तो क्रमांकावरून तपासेल. रोख मोजायला दोघं, सह्या दोघांच्या. भक्तीत एकूण आकडा सांगितला की पुरे.

रकमेसह नावं वाचण्याचा तोटा असा, की पन्नास रुपये देणारी बाई पुढच्या वर्षी लाजेनं मागे राहते आणि पाच हजारवाला आपलं नाव उशिरा वाचलं म्हणून रुसतो. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचं नाव शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कानंही दिलेलं नाही.

नाशिकरोड_उपासक
मत्तय 5:16 कुणीतरी काढेलच: लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. पण ते वचन पित्याच्या गौरवावर संपतं. 6:1 मध्ये अडचण ‘लोकांनी पाहावं म्हणून’ करण्याची आहे. आमच्याकडे कॅथलिकांत राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सामध्ये (उपासनेत) मत्तय 6 वाचतात, तेव्हा हे दरवर्षी कानावर पडतं.

फोटो गठ्ठ्यांचा आणि बिलाचा घ्या. घेणाऱ्याचा चेहरा अजिबात नको; दवाखान्याच्या ओट्यावर रात्र काढणाऱ्याला तुमच्या पेजवर यायची हौस नसते. कॅमेरा एकाकडेच, बाकीच्यांचे मोबाईल खिशात. पोस्ट आठवड्यानं, एकदाच. त्याच रात्री टाकायचं ठरलं की पोरं वाटप सोडून फ्रेममध्ये शिरतात.

खजिनदार
हे पटलं. शक्य असेल तर वाटप वॉर्डच्या सिस्टरच्या सल्ल्यानं करा, म्हणजे गरज कुणाला ते आधी कळेल.

वचनवाचक
उलट बाजूही बघा. ‘मी कोण, क्षुद्र सेवक’ म्हणत कुणी नाही-नाही म्हणेल याची वाट बघणं ही जाहिरातच आहे, जरा महागडी. दिखाऊ नम्रतेबद्दल पौलाच्या कलस्सैकरांना पत्रातलं 2:18 आणि 23 वाचा. कुणी कौतुक केलं तर ‘आभारी आहे’ म्हणून गप्प बसावं, त्यात काही बिघडत नाही.

गुप्तदानातही खोट शिरते. नाव लिहू नका म्हणायचं आणि तीन जणांना हळूच सांगायचं! असा माणूस पुढे पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत) शब्द चालवू लागतो. त्यापेक्षा उघड पावती बरी.

कामांची पाळी लावा: गठ्ठे उचलणं, टेम्पो झाडणं, खुर्च्या रचणं. यादीत अध्यक्ष-सचिवांची नावं आधी घाला. योहान 13 मध्ये शिष्यांचे पाय धुणारा येशू, म्हणजे गुरूच होता.

शरणपूर_तरुणसंघ
आणि बॅनर? अध्यक्षांचा फोटो छापायला दिलाय.

वचनवाचक
चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची सवय लागलीय आपल्याला. मंडळीचं नाव, वार, वेळ, ब्लँकेटं कुठे जमा करायची, एवढंच ठेवा. छापखान्याला आजच फोन करा, प्रूफ निघालं नसेल तर जादा पैसे पडणार नाहीत.