‘रेअर मायलेज’ला मराठीत काय म्हणाल?

रूळवेडा: रेल्वेफॅन लोकांवरचा एक लेख मराठीत करतोय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडकलोय. ज्या रुळांवरून प्रवासी गाडी सहसा जात नाही तिथून मुद्दाम प्रवास करायचा, त्याला ते ‘रेअर मायलेज’ म्हणतात. म्हणजे दौंडची कॉर्ड लाईन घ्या, दौंड स्टेशन बाजूला ठेवून थेट मनमाडच्या मार्गाला जोडणारी. पुण्याहून मनमाडकडे जाताना इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, कॉर्डवरून गेलं की ती भानगडच नाही. मी पहिल्यांदा त्यावरून गेलो तेव्हा सांधा बदलला तशी पायाखाली खडखड झाली आणि शेजारचे आजोबा दचकून म्हणाले, ही कुठं निघाली? आता त्या थराराला ‘दुर्मिळ मैल’ कसं म्हणू!

खान्देशी: आडवाट तसा आडरूळ. आडगाव, आडरान, आडवेळ, सगळीकडे ‘आड’ आहेच की.

शब्दप्रेमी: लोहमार्ग असताना रूळ कशाला? तो इंग्रजी ‘रूल’वरून आलेला दिसतो.

खान्देशी: मला तो ‘रुळणे’च्या घरातला वाटतो. रुळलेली वाट म्हणतो ना आपण. आणि लोहमार्ग फक्त पोलिसांच्या पाटीवर वाचलाय, घरात कोणी बोलत नाही.

रूळवेडा: मग अडचण अशी की दौंड कॉर्डवरून आता रोज गाड्या जातात. ती रुळली, आडरूळ राहिली नाही.

वऱ्हाडकर: सरळ फाटा म्हणा ना.

रूळवेडा: फाट्यावर रोज गाडी असू शकते हो. बडनेरा-अमरावती नऊच किलोमीटर, पण त्यात दुर्मिळ काय?

वऱ्हाडकर: हे मान्य. पण आमच्या मूर्तिजापूर-यवतमाळला, 113 किलोमीटर, नॅरोगेज किंवा ब्रँच कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, गाडीचं नाव शकुंतला आणि आजी म्हणायची, शकुंतलानं जाऊ, सावकाश पोचू.

शब्दप्रेमी: शकुंतलेनं. आकारान्त स्त्रीलिंगी नाम आहे, सामान्यरूप होणारच.

वऱ्हाडकर: अहो, घरातल्या मुलीला तुम्ही ‘सुनंदेनं केलं’ म्हणता का? सुनंदानंच म्हणता. ती गाडी आमच्या घरातलीच होती.

शब्दप्रेमी: बोलताना ठीक आहे, पण लेखात शकुंतलेनंच हवं.

खान्देशी: पाचोरा-जामनेरच्या गाडीला आम्ही ‘पीजेनं आलो’ म्हणायचो, तिथं हा वादच नव्हता.