वायरलेस ब्रॉडबँडच्या नव्या कंपन्यांत गुंतवणूक: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पाच-सात वर्षं लागणार नाही अशी थोडी रक्कम वायरलेस ब्रॉडबँडच्या नव्या कंपन्यांत गुंतवायचा विचार आहे. उपग्रहावरून थेट साध्या मोबाइलला जोडणी देणाऱ्या, मिलिमीटर वेव्हवर (अतिउच्च वारंवारतेच्या रेडिओलहरींवर) घरोघरी इंटरनेट पोचवणाऱ्या, आणि या दोघांना चिप, अँटेना पुरवणाऱ्या. तंत्रज्ञान बऱ्यापैकी कळतं, ताळेबंद कामापुरता वाचता येतो. दोन्हींचा मेळ घालताना मात्र अडतंय.

मागचा इतिहास पाहिला की धास्ती वाटते. उपग्रह-फोन कंपनी इरिडियमची सेवा नोव्हेंबर 1998 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट 1999 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अब्जावधी डॉलर ओतून उभारलेलं जाळं नव्या मालकांना सुमारे अडीच कोटी डॉलरला मिळालं. तेच उपग्रह पुढे वर्षानुवर्षं चालले, पण जुन्या भागधारकांच्या हाती काही लागलं नाही. (ती फोनसेवा होती, ब्रॉडबँड नव्हे, पण पैशाचं गणित तेच.)

वायरलेस इंटरनेट देणाऱ्या अमेरिकी क्लिअरवायरचं उदाहरण तर मला जास्तच छळतं. 2007 मध्ये शेअर 25 डॉलरला बाजारात आला. कंपनीने भिस्त ठेवली वायमॅक्स या वायरलेस तंत्रावर आणि जग गेलं एलटीईकडे, म्हणजे आजच्या 4जीकडे. 2013 मध्ये स्प्रिंट या मोबाइल कंपनीने उरलेले शेअर 5 डॉलरने घेतले. पण तिच्याकडचा 2.5 गिगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम (रेडिओलहरींचा पट्टा वापरायचा हक्क) पुढे टी-मोबाइलच्या 5जीचा कणा ठरला! म्हणजे कंपनीकडे खरोखर मोलाची वस्तू होती. तिचं मोल वठेपर्यंत सुरुवातीचे भागधारक टिकले नाहीत, एवढंच. मिलिमीटर वेव्हवर घरोघरी इंटरनेट देणारी स्टारी 2022 मध्ये शेअर बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

म्हणून आता मी आधी रोकड बघतो. हातातली शिल्लक भागिले तिमाहीचा खर्च, आणि त्या खर्चात उपग्रह, टॉवर असा भांडवली खर्चही धरतो. किती तिमाहींची बेगमी असली की तुम्ही निर्धास्त असता? नवे शेअर काढून पैसे उभे केले की माझा हिस्सा किती पातळ होणार, हे आधी कुठे कळतं? आणि स्पेक्ट्रम स्वतःचा नसून भागीदार मोबाइल कंपन्यांचा असेल, तर त्या कराराला किती वजन द्यायचं?

मोबाइल चिप आणि पेटंटवाल्या क्वालकॉमसारखा मार्ग सुरक्षित वाटतो, कारण ग्राहक कुणाचेही वाढोत, पेटंटची रॉयल्टी येत राहते. पण एवढ्या मोठ्या कंपनीत नव्या तंत्राचा वाटा तो किती!

कृपया "अमुक शेअर घ्या" असं सांगू नका. तुम्ही स्वतः कसं तपासता ते सांगा.

प्रतिसाद:

हिस्सा पातळ होण्याबद्दल सांगतो. तोट्यातल्या कंपनीच्या निकालात प्रति शेअर तोट्याखाली जो 'डायल्यूटेड' (पुढे निघू शकणारे शेअरही धरून काढलेला) आकडा असतो, त्यावर विसंबू नका. तोटा असताना वॉरंट (ठरल्या भावाने नवे शेअर घ्यायचा हक्क), परिवर्तनीय रोखे, कर्मचाऱ्यांचे ऑप्शन त्यातून वगळतात, कारण ते धरले तर प्रति शेअर तोटा कमी दिसतो. वगळलेल्यांचा तपशील खालच्या टिपांमध्ये असतो. तो चालू शेअरसंख्येत मिळवा आणि त्या बेरजेने बाजारमूल्य काढा. बऱ्याच कंपन्या तिथेच महाग ठरतात.

कराराचं म्हणाल, तर भागीदाराने आगाऊ पैसे दिलेत का ते बघा. नुसत्या सामंजस्य कराराला मी शून्य धरतो.