'आउटकम'साठी मराठी शब्द: परिणाम, निष्पत्ती, फलित की आणखी काही?

मांजराकाठ, अंबाजोगाई

शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीविषयी आशा स्वयंसेविकांसाठी एक पुस्तिका मराठीत करीत आहे. तीत 2022 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'चीता' चाचणीची माहिती आहे. भारतासह 7 देशांतील 81 रुग्णालयांत, 13,301 रुग्णांवर ही चाचणी झाली. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखम शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारे बदलली, तर जखमेतला जंतुसंसर्ग कमी होतो का, एवढेच तीत पाहायचे होते. जिथे नेहमीच्या रिवाजाने काम झाले तिथे 18.9 टक्के रुग्णांची जखम बिघडली, आणि जिथे हातमोजे व हत्यारे बदलली तिथे 16 टक्के रुग्णांची.

'प्रायमरी आउटकम' म्हणून 30 दिवसांतील जखमेचा संसर्ग दिलेला आहे. मला मिळालेल्या शब्दसूचीत 'आउटकम' म्हणजे 'परिणाम'. त्याप्रमाणे तक्त्यात ओळ येते ती अशी: 'हातमोजे व हत्यारे बदलणे. मुख्य परिणाम: जखमेत जंतुसंसर्ग.' खर्डा वाचून एका आशाताईंनी विचारले, "मंग बदलायलेत कशाला? त्यानंच पू व्हायलाय म्हणून लिवलंय की." ओळ जशी आहे तशीच त्यांनी वाचली. 'परिणाम' म्हटले की त्याआधीचे ते कारण, असे आपण धरून चालतो. आउटकम मात्र चाचणीच्या आधीच ठरवून मोजायची गोष्ट असते, मग ती चांगली घडो वा वाईट. शिवाय 'किडनीवर परिणाम झाला', 'डोक्यावर परिणाम झाला' असे ऐकत आलेल्या कानांना हा शब्द धसका देतो. जाणकारांनी कृपया पर्याय सुचवावेत.

पूर्णाकाठ, परभणी

शाळांमध्ये 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो कोणत्याही शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. तोच इथेही घ्यावा.

बालाघाट, बीड

सर, अध्ययन निष्पत्ती म्हणजे मुलाला काय यावे याची अपेक्षा. जखमेत पू होणे ही कोणाची अपेक्षा असेल? 'मुख्य निष्पत्ती: जंतुसंसर्ग' हे वाचताना तितकेच अडखळायला होते. 'फलित'ही त्याच अंगाने जाणारा शब्द आहे. आणि कोणी 'फलश्रुती' सुचविण्याआधीच सांगतो की स्तोत्र म्हटल्याने वा ऐकल्याने मिळणाऱ्या फळाचे वर्णन म्हणजे फलश्रुती; सभांच्या अहवालांतून तिची जी ओढाताण चालते ती रुग्णालयापर्यंत नेऊ नये.

याच पुस्तिकेत 'कॉम्प्लिकेशन'साठी 'गुंतागुंत' लिहिले असेल, तर तेही बदलावे. आयुर्वेदात 'उपद्रव' हा नेमका शब्द आहे: मूळ व्याधीच्या मागून, तिच्याचमुळे उद्भवणारा दुसरा विकार. घरात सोने असताना पितळ कशाला आणायचे?

एक परिचारिका, लातूर

ताई, रुग्णाला यातले काहीच सांगावे लागत नाही, कारण त्याचे शब्द तो घेऊनच येतो. 'गुण आला', 'उतार पडला', 'फरक वाटायलाय', आणि बिघडले तर 'टाका पिकला', 'जखम चिघळली'. वॉर्डात नातेवाईक विचारतात ते टाके कधी काढणार, भाकरी कधीपासून द्यायची आणि ऊसतोडीला कधी जाता येईल. माझ्या मते हेच खरे आउटकम आहेत, आणि कित्येक संशोधनांत ते मोजलेच जात नाहीत. आमच्या भागात 'पिशवी काढलेल्या' ऊसतोड बायांविषयी 2019 साली शासनाला समिती नेमावी लागली. त्या बायांना पुढे कंबर किती दुखली, काम किती झेपले, हे 'शस्त्रक्रिया यशस्वी' या दोन शब्दांत कुठे येते?

'गुण' हा शब्द मला फार आवडतो, पण त्यालाही मर्यादा आहे. दुर्बिणीचे ऑपरेशन म्हटले की लोक ते चांगलेच धरतात: लहान छेद, लवकर घरी. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगावर गर्भाशय काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेची 'लॅक' चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. तीत साडेचार वर्षांनंतर, आजार न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के होते, तर दुर्बिणीने वा रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत 86 टक्के. म्हणजे लहान छेदाने घरी लवकर जाता येते म्हणून आजारालाही तितकाच गुण येतो असे नाही. म्हणून 'गुण कशाला आला' हे प्रत्येक वेळी लिहावे लागेल.

गोदाकाठ, नांदेड

परिचारिकाताईंनी महत्त्वाचे लिहिले आहे. माझी भर शब्दांपुरती. हैदराबाद संस्थानात 1917 साली भाषांतरासाठी 'दारुल तर्जुमा' स्थापन झाले आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिक्षण सुरू झाले. पुढे वैद्यकही तिथे उर्दूतून शिकवले गेले. शल्यक्रियेला 'जर्राही' म्हणत. माझे वडील परीक्षेच्या निकालाला 'नतीजा' म्हणत, पण मराठीत नतीजा भोगावाच लागतो, त्यामुळे तो इथे चालणार नाही. 'निकाल'ही नको; आजाऱ्याचा 'निकाल लागला' याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे.

बालाघाट यांना एवढेच विचारतो की माकडांचा आणि रानडुकरांचा उपद्रव रोज ऐकणाऱ्या शेतकऱ्याला 'शस्त्रक्रियेचा उपद्रव' म्हटले, तर त्याला ती शस्त्रक्रियाच त्रासदायक वाटणार नाही का?

मांजराकाठ, अंबाजोगाई

सर्वांचे आभार. तूर्त 'मोजलेली मुख्य बाब' असे लिहून पाहते: 'मोजलेली मुख्य बाब: 30 दिवसांत जखमेत जंतुसंसर्ग झाला की नाही.' यातला 'झाला की नाही' मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे कारणाचा आणि दोषाचा वास राहत नाही. 'कॉम्प्लिकेशन' मात्र अडले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या कॉम्प्लिकेशन्सच्या 2004 च्या क्लाव्हियन-डिंडो वर्गवारीत कोणते उपचार करावे लागले यावरून पायऱ्या ठरतात; मळमळीवर औषध द्यावे लागले तरी पहिली पायरी, आणि मृत्यू झाला तर पाचवी. या दोहोंना मिळून 'गुंतागुंत' म्हणणे मला जड जाते.

बालाघाट, बीड

म्हणूनच 'उपद्रव' म्हणतो. तो लहानही असतो आणि प्राणघातकही. 'बाब' हा तर अरबीतून आलेला शब्द. मराठी पुस्तिकेत त्याऐवजी 'गोष्ट' का नसावी?

गोदाकाठ, नांदेड

'जखम'ही फारसीतून आलेली आहे, 'इलाज' अरबीतून, आणि दोन्ही आपल्या आजीच्या तोंडचे. ते काढून 'व्रण' आणि 'उपचार' लिहिले तर पुस्तिका शुद्ध होईल, पण आशाताई वाचायची थांबतील.

पूर्णाकाठ, परभणी

'व्रण' म्हणजे आमच्याकडे जखम बरी झाल्यावर उरलेला डाग. संस्कृतात तो शब्द खुद्द जखमेसाठी आहे. हा अर्थ कधी आणि कसा पालटला, याविषयी कोणी लिहील का?