‘सर्वांसाठी खुलं’ व्याख्यान आणि गेटवरची वही

खाडीकाठचा (धागाकर्ता)

परवा आमच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत फिरत आली. लिहिणारे गृहस्थ इकडच्याच एका विद्यापीठात वास्तुकला, लँडस्केप आणि नगररचना या विषयांवर ‘सर्वांसाठी खुली’ व्याख्यानं भरवतात. त्यांची तक्रार अशी की सभागृहात खुर्च्या दोनशे आणि माणसं आली एकतीस, त्यातही वीसेक विद्यार्थी हजेरीसाठी धरून आणलेले. शेवटी टोला: ‘नवी मुंबईकराला शहराशी देणंघेणं नाही. फ्लॅटचा भाव मात्र तोंडपाठ.’

त्या एकतिसांतला एक मी, म्हणून हात शिवशिवले.

वेळ गुरुवारी दुपारी साडेचारची. निवृत्त लोक आणि माझ्यासारखे रात्रपाळीवाले सोडले तर या वेळी मोकळं कोण असतं? गेटवर वॉचमनने आयडी मागितला. आधार दाखवलं, वहीत नाव-नंबर लिहिला, स्कूटरची डिकी उघडून दाखवली. आत दीड तास इंग्रजी. विषय होता पाणी आणि शहर, त्या विषयासाठीच तर गेलो होतो. पडद्यावर रॉटरडॅम, कोपनहेगन, सिंगापूर. छान होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या सभागृहाच्या जिन्यातून आमच्या गावचा धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवणारा) दिसतो, त्याचं नाव एकदाही निघालं नाही.

शेवटी हात वर केला. मराठीत विचारलं, तलावाच्या झडपेत गाळ अडकून ती भरतीला पूर्ण मिटत नाही आणि खाडीचं पाणी उलटं आत येतं, त्याला उपाय काय? सूत्रसंचालक हसून म्हणाले, ‘दॅट्स मोअर ऑफ अ सिव्हिक इश्यू, सर. नेक्स्ट?’

माझा बाप खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत, बांध घालायचा. उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी कधी टाकायची, कधी काढायची हे त्याला तिथीवरून कळायचं. आणि देणंघेणं आम्हाला नाही!

टी-स्क्वेअर

मी शिकवतो (त्या विद्यापीठात नाही), म्हणून दुसरी बाजू. अशा व्याख्यानाला वक्ता बहुतेकदा फुकट येतो, कधी कधी टॅक्सीचे पैसेही खिशातून घालतो. वर्गात मल्याळी, गुजराती, तमिळ मुलं असतात, मग भाषा इंग्रजीच होणार. साडेसहाला सभागृहाला कुलूप, म्हणून साडेचार. ओळखपत्राचं म्हणाल तर उद्या आत काही झालं की पहिला प्रश्न हाच येईल, नोंद का नाही ठेवली?

आणि रॉटरडॅमवर एवढा राग कशाला? आपले धारण तलाव डच पद्धतीवरच बेतलेत. कोपरखैरणे दाखवलं असतं तर म्हणाला असतात, हे आम्हाला माहीतच आहे.

नौपाड्याची काकू

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तिथे कोणी डिकी उघडून बघत नाही. आमच्या ठाण्यातही जेवणं आटोपून माणसं व्याख्यानाला जातात, शाल घेऊन मैदानात बसतात. ज्याला खरंच ऐकवायचंय तो आमच्या सवडीने बोलावतो.

उगाच एक

काकू, सरासरी वय सांगा की. सत्तर?

नौपाड्याची काकू

अडुसष्ट. आणि प्रश्न विचारला तर आमच्याकडे उत्तर देतात.

सेक्टरवासी

व्याख्यानाचं राहू द्या. त्या विद्यापीठाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या गाड्या आमच्या गल्लीत लागतात, त्यावर कोण व्याख्यान देणार? नगररचनेची पाटी लावायची आणि स्वतःच्या पाहुण्यांच्या पार्किंगची रचना नाही.

टी-स्क्वेअर

एकतीस माणसं आली होती. गल्ली भरायला ती किती गाड्या आणणार?

सेक्टरवासी

सात. मोजल्यात.

रेषा

मी हजेरीसाठी धरून आणलेल्यांतली. आम्ही पाठीमागे बसून दुसऱ्या दिवशीचं सबमिशन करत होतो, कबूल. पण काकांचा प्रश्न माझ्या लक्षात राहिला, वक्त्यांचं एकही वाक्य नाही.

अवांतर: बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज, वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आखलेली वसाहत, आम्हाला दुसऱ्या वर्षापासून पाठ. सात घरं, मध्ये ८ बाय ८ मीटरचा चौक, असे तीन गट मिळून १२ बाय १२ चा, मग २० बाय २० चा. भिंतीला भिंत नाही, म्हणजे ज्याला हवं त्याने आपलं घर वाढवावं. मोजमापं घ्यायला गेलो तेव्हा एका आजींनी चहा दिला आणि विचारलं, ‘हे कोरिया कोण? तुम्ही सगळी मुलं त्यांच्याच नावाने येता.’

टी-स्क्वेअर

गोड आहे, पण यातून निघतं काय? आजींना चार्ल्स कोरिया माहीत नाहीत म्हणून चौक चुकीचा ठरत नाही. चौकामुळेच तुम्हाला चहा मिळाला. टॉवरमध्ये मिळाला असता?

आणि जाहीरपणे बोलून काय होतं याचं याच शहराएवढं मोठं उदाहरण नाही. १९६५ मध्ये कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवा ही कल्पना ‘मार्ग’ मासिकात मांडली. १९७० ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली. इंग्रजीच होती हो ती कल्पना.

त्याआधी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. १९१४ ला त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन जहाजाने येत होतं, ते ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. माणसाने नवं साहित्य जमवून १९१५ ला मद्रासमध्ये प्रदर्शन भरवलंच. पुढे १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणच्या समाजशास्त्रज्ञ घुर्यांना पुढे आणलं ते त्यांनीच. लोकांना शहर समजावून सांगायची विद्यापीठातली परंपरा शंभर वर्षांची आहे, आणि आपण वॉचमनच्या वहीवरून तिला झोडपतोय.

खाडीकाठचा

गेडिस तुम्ही काढलात ते बरं झालं. त्यांनी इंदूरला काय केलं तेही सांगा की. प्लेगचे दिवस होते. गेडिसनी दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढली, तिच्यात प्लेगचा भला मोठा उंदीर होता. जाहीर करून टाकलं की जे रस्ते सगळ्यांत स्वच्छ तिथून मिरवणूक जाणार. लोकांनी आपणहून गल्ल्या झाडल्या. इंग्रजीत दीड तास बोलून झाडल्या का?

आणि १९६५ ची कल्पना इंग्रजीत होती हे तुम्ही अभिमानाने सांगताय. म्हणूनच ज्या ९५ गावांच्या जमिनीवर ती मांडली त्यांना ती कळली तेव्हा दारात मोजणीदार उभा होता.

टी-स्क्वेअर

इंदूरचा मुद्दा मान्य. दुसरा तुम्ही भावनेच्या भरात लिहिताय.

खाडीकाठचा

आणि तो डचांचा मुद्दा राहिलाच. आमची खाजणं काय डचांनी बांधली? भरतीचं पाणी थोपवायला बांध, बांधात उघाडी, ओहोटी लागली की उघाडीतून पावसाचं पाणी खाडीत, भरती आली की फळी बंद. आत भात. बांधाला खांड पडून खारं पाणी शिरलं तर दोन-तीन वर्षं शेत गेलं, म्हणून रात्री कंदील घेऊन अख्खं गाव बांधावर. तुमचा धारण तलाव म्हणजे हीच उघाडी, फक्त फळीच्या जागी लोखंडी झडप आणि भाताच्या जागी गाळ.

सेक्टरवासी

मुळात लँडस्केपला मराठीत शब्द तरी आहे का? भूदृश्य? आमच्या सोसायटीत लँडस्केपिंगच्या नावाखाली पेव्हर ब्लॉक, चार रॉयल पाम आणि बिल नऊ लाखांचं.

उगाच एक

भूदृश्य म्हणजे भुताचं दृश्य वाटतं. नऊ लाखांचं बिल बघून तसंच होत असेल.

खाडीकाठचा

एक शब्द कशाला हवा? खाजण, मिठागर, आगर, पाणंद, बांध, उघाडी, खांड, उधाण, भांग. एवढे शब्द असलेल्या माणसाला तुम्ही ‘वेटलँड’ शिकवता.

तिवरांची सावली

यात तिवरं राहिली. धारण तलावांत वर्षानुवर्षं गाळ बसला, गाळावर तिवरं उगवली, आज तिथे चिंबोऱ्या आहेत, निवट्या आहेत, बगळे आहेत. आता सगळ्यांना ते ‘साफ’ करायचेत. उच्च न्यायालयाचा २००५ चा अंतरिम आदेश आणि २०१८ चा निकाल वाचा. तिवरांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि येऊही नये.

सेक्टरवासी

म्हणजे चिंबोरी सुखात आणि आमचा तळमजला पाण्यात! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, मुंबई बुडाली, आमच्या बिल्डिंगखाली जेमतेम घोट्याएवढं पाणी होतं. तेव्हा तलाव तलाव होता. परवाच्या पावसात, त्याच्या पावभरही पडला नसेल, मीटर रूममध्ये पाणी. सासूबाईंना खुर्चीवर बसवून दोघांनी उचलून वर नेलं. तलाव पाणी धरायला बांधलाय, जंगल पाळायला नाही.

तिवरांची सावली

तिवरं नसती तर खाडीच तुमच्या मीटर रूमपर्यंत आली असती.

सेक्टरवासी

आलीच ना! आणि खरं बोलायचं तर नाले तुंबतात ते गावठाणातल्या चार-चार मजली बेकायदा इमारतींमुळे. त्यावर इथे कोणी बोलायचं नाही, लगेच भावना दुखावतात.

खाडीकाठचा

हां. आलात मूळ पदावर.

३४४ चौरस किलोमीटरचं शहर आखलं. प्रत्येक सेक्टरला बाग, शाळा, बाजार. नकाशात आमचं गाव म्हणजे एक कोरी जागा, कडेने रेघ मारलेली. गावठाण तेवढंच ठेवलं, माणसं वाढली. तीन भावांनी एका घराच्या जागेत राहायचं कसं ते कुठल्या आराखड्यात होतं? १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि दास्तान फाट्याला जमिनीच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं बघायला मिळालं. आमच्या घरच्या भूखंडाची फाइल एका कार्यालयात अशी फिरली की बाप गेला आणि फाइल जिवंत राहिली. तुम्ही ज्या सेक्टरात बसून बेकायदा म्हणताय तिथे माझ्या आजोबाचं खाजण होतं, साहेब.

सेक्टरवासी

मी फुकट नाही राहत. वीस वर्षं हप्ते भरलेत. तुमच्या आजोबांची जमीन मी नाही घेतली.

नौपाड्याची काकू

दोघेही जरा पाणी प्या. गोड.

टी-स्क्वेअर

व्याख्यानापासून किती लांब आलो बघा. यासाठीच सूत्रसंचालक ‘नेक्स्ट’ म्हणतो.

रेषा

सर, राग मानू नका, पण मला उलट वाटतंय. पाच वर्षांत धारण तलावावर मी ऐकलेलं सगळ्यांत चांगलं व्याख्यान हेच, आणि भांडणासकट.

टी-स्क्वेअर

ठीक आहे. वेळ चुकीची, आणि प्रश्न झटकला तेही चुकीचं. त्या गृहस्थांनी ती पोस्ट लिहायला नको होती. एवढं लिहून दिलं. पण मराठीत बोलल्याने दोनशे खुर्च्या भरतील हे मला कोणी सिद्ध करून दाखवावं.

उगाच एक

भरतील. शेवटी वडापाव ठेवा.

सेक्टरवासी

आणि गाड्या?

रेषा

खाडीकाठचा काका, एक विचारू? लाकडी उघाडीची मापं काय असायची? आमच्या स्टुडिओचा विषय किनाराच आहे आणि मला एकाही पुस्तकात ती सापडली नाही.

खाडीकाठचा

मापं बापाच्या हाताची होती, फुटात मी कधी मोजली नाहीत. पण एक जुनी उघाडी अजून बांधात अडकून आहे, फळ्या गेल्यात, चौकट शिल्लक आहे. ये आणि मोज. मैत्रिणींना आण. चिखल आहे, जुन्या चपला घाल. आणि सर, तुम्हीही या. आयडी नको.

टी-स्क्वेअर

रविवारीच जमेल. ओहोटी कधी?

खाडीकाठचा

रविवारी पंचमी. तिथीची पाऊणपट करायची. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारला. सहा तास मागे या, सकाळी पावणेदहाला ओहोटी.

टी-स्क्वेअर

भरती-ओहोटीच्या तक्त्यात ९:५८ दिसतंय. तेरा मिनिटं चुकलात.

खाडीकाठचा

तक्ता मुंबईच्या अपोलो बंदराचा असणार. पाण्याला खाडीत आतपर्यंत यायला वेळ लागतो.

टी-स्क्वेअर

मग तर तुमची पाऊणपट आणखीच चुकली.

खाडीकाठचा

म्हणून तर बाप आधी जाऊन बांधावर विडी ओढत बसायचा. साडेनऊला या.

सेक्टरवासी

गाडी कुठे लावायची?