रस्त्यात काही अजब दिसलं तर गाडी थांबवावी का?

वाटसरू (फोंडा)
दिवाळीनंतर मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको असे चौघे गाडीने अमृतसरला जाणार आहोत. चोर्ल्याने बेळगाव, मग कोल्हापूर, पुणे, गुजरात, राजस्थान आणि शेवटी पंजाब. वाटेवरून वाद नाही, थांबण्यावरून आहे. मेहुण्याच्या मते जोधपूरचा किल्ला आणि सुवर्णमंदिर म्हणजे 'पाहणं', बाकी सगळा टाइमपास. माझी यादी नेमकी त्या टाइमपासची आहे. कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिमेंटचे हुबेहूब बारा बलुतेदार आहेत. जालंधरकडच्या गावांत परदेशी गेलेल्यांनी घरावरच्या पाण्याच्या टाक्या विमानाच्या नाहीतर फुटबॉलच्या आकाराच्या बांधल्यात. आणि पाली ते जोधपूर रस्त्यावर बुलेट बाबाचं देऊळ आहे. ओमसिंग राठोड नावाचा तरुण तिथे अपघातात गेला. पोलिसांनी त्याची बुलेट ठाण्यात नेली तर सकाळी ती परत अपघाताच्या जागी उभी, अशी आख्यायिका. ती गाडी, आरएनजे ७७७३, आज काचेच्या पेटीत हारांखाली उभी आहे आणि लोक तिला चक्क दारूचा नैवेद्य दाखवतात.

किल्ले राजांनी बांधले, त्यांच्यावर पुस्तकंही भरपूर आहेत. पण साध्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते अशा रस्त्याकडेच्या गोष्टींतच दिसतं, म्हणून माझ्या मते थांबलंच पाहिजे. तुमचं काय मत?

म्हापशेकर
मी मेहुण्याच्या बाजूने. 'अर्धा तास फक्त' हे प्रवासातलं सगळ्यात मोठं खोटं. हायवे सोडा, आत वळा, पार्किंग शोधा, एकाला चहा हवा, दुसऱ्याला बाथरूम. दीड तास गेला. तो दीड तास संध्याकाळी वसूल होतो, म्हणजे अनोळखी रस्त्यावर अंधारात, समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत गाडी चालवावी लागते.

दुसरं म्हणजे ज्यांच्या दारात तुम्ही थांबता त्यांचं काय? आमच्या बार्देशात पर्रा गावचा माडांचा रस्ता बघा. दोन्ही बाजूंनी माड, मधून सरळ डांबरी वाट, बाकी काही नाही. सिनेमात दिसला आणि संपलं. रस्त्याच्या मधोमध उताणे झोपून फोटो, ड्रोन, भाड्याच्या स्कूटर आडव्या लावलेल्या. गावच्या माणसाने दूध घेऊन घरी कसं जायचं? शेवटी पंचायतीने फोटोचे पैसे लावले, तर त्यावरही पर्यटकांची बोंब. पणजीत फोंतेन्यस या जुन्या वस्तीत लोकांना स्वतःच्या घराच्या पायरीवर बसायची चोरी झालीय.

जाईजुई (सांखळी)
म्हापशेकर, पर्र्याचं उदाहरण इथे बसतच नाही. तो रस्ता कोणी दाखवायला केला नव्हता. वाटसरू बोलतायत ते कुणीतरी झपाटून, स्वतःच्या खर्चाने, 'बघा' म्हणून केलेल्या गोष्टींबद्दल.

लोटलीला बिग फूट संग्रहालयाच्या आवारात मीराबाईचं शिल्प आहे. १४ मीटर लांब, ५ मीटर रुंद, सलग जांभ्यात कोरलेलं. महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ साली ते ३० दिवसांत पुरं केलं. ज्याने घराला जांभा वापरलाय त्याला विचारा हा दगड कसा असतो: भोकाभोकांचा, छिन्नी लावली की भलतीकडेच कपरा उडतो. त्यात नाजूक काम करायला कोणी जात नाही. आणि या गृहस्थांनी एवढी मोठी मीरा कोरायला घेतली! वेरूळ-अजिंठ्याला मान आहेच, पण तिथे मला 'हे कोणाच्या डोक्यात आलं असेल' असा प्रश्न पडत नाही. लोटलीला पडतो.

तसंच साल्वादोर दू मुंदूला तोर्ड्याचं 'हाउसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय. जेरार्ड द कुन्हा यांनी रस्त्यांच्या मधल्या तिकोनी बेटावर जहाजासारखी इमारत उभी केली. दुसऱ्या कोणी तिथे चार झाडं लावून पुतळा बसवला असता.

सासष्टीकर
ताई, तुम्ही सांगितलंत ते म्युझियम झालं. तिकीट, वेळ, सोमवारी चालू की बंद वगैरे. रस्त्यावरची गंमत फुकट असते आणि अवचित भेटते. दाबोळीहून बोगमाळ्याकडे जाताना नौदलाच्या संग्रहालयाबाहेर सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, शेपटीला तीन उभे पंख असलेलं जुनं विमान. एअर इंडियातून हवाई दलात आणि तिथून नौदलात गेलेली ही जात. आत गेला नाहीत तरी मान आपोआप वळते.

आणि खरं अजब बघायचं तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात फिरा. कोपऱ्याकोपऱ्यावर नरकासुराचे पुतळे, कोणाचे डोळे फिरतात, कोणाचा हात वर-खाली होतो, आणि पहाटे सगळे जाळून मोकळे. एकतीस डिसेंबरला तर पोरं 'ओल्ड मॅन'चा पुतळा करून रस्त्यात खुर्चीवर बसवतात आणि गाड्या अडवून पैसे मागतात. म्हापशेकर, तिथे तुम्ही थांबणार नाही म्हणालात तरी थांबवतात :)

म्हापशेकर
पैसे देऊन सुटतो. काच खाली करत नाही, फटीतून देतो.

ओहायोतला डिचोलकर
इथे या प्रकाराचा अख्खा धंदा आहे म्हणून लिहितो. साउथ डकोटातून आय-९० महामार्गाने जाताना 'वॉल ड्रग'च्या पाट्या सुरू होतात, मैलोन् मैल. मूळचं साधं औषधांचं दुकान, १९३१ साली एका जोडप्याने घेतलं. गिऱ्हाईक येईना म्हणून बाईंनी सुचवलं की हायवेवर 'बर्फाचं पाणी फुकट' अशी पाटी लावू. ओसाड माळ, भर उन्हाळा, एसी नसलेल्या गाड्या. लोक वळले ते आजतागायत वळतायत. आत काय, तर टोप्या, डोनट आणि एक भलामोठा डायनासोर. पण एवढ्या पाट्या वाचल्यावर न थांबता पुढे जाणारा माणूस मी पाहिलेला नाही, आमच्या वडिलांसकट.

याच्या उलट नेब्रास्कातलं कारहेंज. १९८७ साली एका माणसाने वडिलांच्या आठवणीखातर जुन्या मोटारी उभ्या गाडून, करड्या रंगाने रंगवून इंग्लंडच्या स्टोनहेंजची, म्हणजे उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाची, नक्कल केली. ३९ गाड्या. बघायला तिकीट नाही. आजूबाजूला शेतं आणि वारा. तिथे लोक आपोआप हळू बोलतात, का ते मला सांगता येणार नाही.

रूट ६६ ची गोष्ट मात्र वाटसरूंनी लक्षात घ्यावी. १९२६ साली तो महामार्ग झाला, त्याच्या कडेने मोटेलं, पुतळे, चमत्कारिक हॉटेलं उभी राहिली. मग बाजूने इंटरस्टेट, म्हणजे वेगवान महामार्ग आले, कोणी गावात वळेना, आणि १९८५ मध्ये तो महामार्गांच्या यादीतून काढला. रस्ता वेगवान झाला की कडेचं मरतं. जे उरलं ते लोकांनी हट्टाने टिकवलं म्हणून.

गीअर दोन (पर्वरी)
डिचोलकर, त्यासाठी अमेरिका कशाला? आमच्या पर्वरीचा हायवेकडेच्या वडाखालचा देव, खाप्रेश्वर आठवा. जाता-येता हात जोडायचे किंवा निदान हॉर्न द्यायचा, वर्षानुवर्षं. २०२५ साली उड्डाणपुलाच्या कामात तो वड उपटून दुसरीकडे नेला.

मी टॅक्सी चालवतो, तेव्हा धंद्याच्या बाजूने सांगतो. थांबायला माझी ना नाही, कुठे आणि कसं थांबता ते बघा. लेहजवळ कारगिलच्या रस्त्यावर 'मॅग्नेटिक हिल' आहे. गाडी न्यूट्रलला टाकली की चढावर आपोआप चढते म्हणतात. चुंबक-बिंबक काही नाही. आजूबाजूच्या डोंगरांमुळे खरं क्षितिज दिसत नाही, त्यामुळे सौम्य उतार डोळ्यांना चढ वाटतो, गाडी उतारावरूनच घरंगळते. गंमत छान आहे, पण ती बघायला लोक राष्ट्रीय महामार्गाच्या मधोमध गाडी न्यूट्रलला सोडतात, दारं उघडी, पोरं बाहेर, आणि मागून लष्कराचा ताफा येतो. अशांची बाजू मी घेणार नाही.

अण्णा (सांगे)
बरंच वाचलं, आता आमच्याकडचं ऐका. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे. पायऱ्यांवर शांत बसलं की तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात, इथे एक, तिथे एक, मध्येच दहा-बारा एकदम. टाळी वाजवली की वाढतात असं जुनी माणसं सांगायची. हे कोणीतरी इंटरनेटवर टाकलं. आता बसभर लोक उतरतात, टाळ्या, शिट्ट्या, एकाने मोबाईलवर गाणं लावलेलं मी स्वतः पाहिलं. आत पूजा चालू असते.

कुशावतीच्या काठी पणसायमळला जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, आणि एक गोल चक्रव्यूह. गावच्या लोकांनी १९९३ साली दाखवली तेव्हा अभ्यासकांना कळली. कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचंही नाव आहे. चित्रं पायाखालच्याच खडकात आहेत. बूट घालून बैलाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढतात, रेघ नीट उठावी म्हणून खडूने गिरवतात. हटकलं तर म्हणतात, "काका, दगड तर आहे."

वाटसरू, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय. पण तुम्ही ज्याला 'अजब' म्हणता ते तिथल्यांसाठी अजब नसतं. बुलेट बाबाला नारळ वाढवणारा ट्रकवाला तिथे गंमत बघायला आलेला नाही.

वाटसरू
अण्णा, मान्य. पण म्हणून जायचंच नाही असा अर्थ मी काढणार नाही. चपला काढून, हात जोडून, दहा मिनिटं गप्प उभं राहता येतंच की.

जाईजुई
अण्णांशी अर्धी सहमत. खडूवाल्यांना दंडच करायला हवा. पण 'गावापुरतं ठेवा' म्हटलं तर गोष्टी टिकतात असंही नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात त्यांचं संग्रहालय केलं, २०२१ ला पद्मश्री मिळाली. हायवेपासून पाच-दहा मिनिटांवर. रोज शेकडो गोव्याच्या गाड्या तिथून मुंबईकडे सुसाट जातात, सगळ्यांना पुढच्या हॉटेलातली सोलकढी गाठायची असते. वळणाऱ्या दहा-वीस गाड्यांनी अशा कलावंताला किती बळ येत असेल, म्हापशेकर?

म्हापशेकर
पिंगुळीला मी जाईन. मुद्दाम, एका रविवारी, घरून जेवून. अमृतसरला निघालेल्या गाडीतून उतरून नाही. एवढाच माझा मुद्दा आहे आणि तो कोणी खोडलेला नाही.

सासष्टीकर
खोडतो. अमृतसरच्या वाटेवरची पाली तुम्ही कुठल्या रविवारी गाठणार? गोव्याहून परत कोण जातंय तिथे!

वाटसरूची बायको
यांनी लिहिलं नाही म्हणून सांगते, निम्म्या वाटेत गाडी मी चालवते आणि माझ्या भावाला गाडीत झोप लागते. कणेरीला थांबणार, कारण मला ते सिमेंटचे कुंभार आणि न्हावी बघायचेत. बुलेटला थांबणार, पण दारू वाहायची नाही, नारळ चालेल. टाक्या चालत्या गाडीतून दिसतात, त्यासाठी लोकांच्या अंगणात घुसायचं नाही. याउपर वाटेत काही दिसलं तर स्टिअरिंगवर जो असेल तो ठरवेल.

म्हापशेकर
वहिनी, ठीक. मग त्या दिवशी अहमदाबादहून सकाळी लवकर निघा. बुलेट बाबापासून जोधपूर साधारण तासाभरावर आहे, उजेड असेपर्यंत पोचाल. दुपारी निघालात तर देवळापाशी अंधार होईल आणि तिथे ट्रक कुठेही उभे असतात.