जेम्सटाउनची पायरी
खासगी शिडाची नौका घेऊन दूरच्या बेटावर पोहोचल्यावर ती थेट धक्क्याला लावता येते का, हा प्रश्न पडणे योग्यच आहे. दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना, जेथे १८१५ मध्ये नेपोलियनला नेऊन ठेवले, त्या बेटावरील जेम्सटाउन बंदरापुरते उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. तेथे पोहोचताना नौकेवरील व्हीएचएफ रेडिओवरून बंदर नियंत्रण कक्षाला आगमन कळवावे, तपासणी पूर्ण होऊन प्रवेशाची परवानगी मिळेपर्यंत पिवळे निशाण फडकत ठेवावे आणि उघड्या उपसागरातील बोयाला (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) नौका बांधून फेरीबोटीने किनारा गाठावा, अशी रीत आहे.

खरी परीक्षा शेवटच्या दोन हातांच्या अंतरावर असते. लाटेबरोबर होडी वर उचलली जाते, नेमक्या त्या क्षणी पायऱ्यांवर लोंबणारा दोर पकडून पाऊल टाकावे लागते; एक लाट चुकली, तर निमूटपणे पुढच्या लाटेची वाट पाहावी. पावसाळ्याच्या तोंडावर गेटवेला मांडव्याची लाँच धरताना खलाशी आपला दंड पकडून ‘आता!’ म्हणतो, तो अनुभव ज्यांना आहे (मुंबईकरांनी तो फुकटात घेतलेला असतो), त्यांना हे नवे वाटणार नाही.

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या चार थांब्यांपैकी फॉकलंडमधील पोर्ट स्टॅनली हा असाच दूरस्थ बेटावरचा होता.